घमेल्यातलं हिरवं पाणी

बॉनेट उघडायच्या आधी जीपचं मागचं दार उघडलं आणि लायाप्पा सरगर माझ्या गॅरेजच्या दारात तोंडावर पडला. हात पाठीमागं दोरीनं बांधलेले होते. एक डोळा सुजून बंद झाला होता आणि सदऱ्याची पुढची बाजू वाळलेल्या रक्तानं कडक झाली होती. हाताचा आधार घेता न आल्यामुळं त्याची हनुवटी थेट पायरीच्या दगडावर आपटली. तो आवाज ऐकून माझ्या हातातला पाना खाली पडला.

"त्येला ऱ्हाऊ दे," ड्रायव्हरच्या बाजूनं उतरत सिदगोंडा बिरादार म्हणाला. "तू गाडी बघ, दस्तू. उकळाय लागलीया."

बॉनेटच्या फटीतून वाफेचे लोट निघत होते. दुपारची वेळ, उन्हाळ्याचे दिवस, आणि आमचा फाटा जत तालुक्याच्या पार कडेला, जिथं अर्धी माणसं कानडी बोलतात आणि उरलेली अर्धी कानडीत शिव्या देतात. एस्टीचा थांबा, एक लिंबाचं झाड आणि माझं पत्र्याचं गॅरेज, एवढाच काय तो फाटा. त्या वेळी थांब्यावर चिटपाखरू नव्हतं.

माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला काम सुचत नाही. म्हणालो, "अण्णा, गाडी उकळली का तुम्ही?"

सिदगोंडाचा मेहुणा चन्नाप्पा मागून उतरला होता. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, पातं काढून घेतलेला. त्यानं तो माझ्या बाकड्यावर असा हाणला की डब्यातले नटबोल्ट उडून जमिनीवर पसरले.

"गाडी बघ म्हणलं न्हवं?" तो म्हणाला.

"बघतो. पर कुठं निघालाय एवढ्या घाईनं?"

"खाणीकडं," सिदगोंडा म्हणाला.

मग मी पुढं काही विचारलं नाही. खडीची ती खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिच्यात पाणी साचलं होतं, काठ सरळ तुटलेले होते, आणि पोहणारा माणूसही तिच्यातून वर येत नसे. लायाप्पाचे तर हात बांधलेले होते.

खरं सांगायचं तर लायाप्पा माझा कुणी लागत नव्हता. उलट माझा जॅक त्यानं एकदा उसना नेला होता आणि विचारलं की "उद्या आणतो" म्हणायचा. पण जॅक परत दिला नाही म्हणून माणूस खाणीत टाकावा असं काही मला वाटत नव्हतं.

"झाकण आत्ता उघडलं तर तोंड भाजंल," मी म्हणालो. "थंड होऊ दे जरा."

"किती येळ?"

"इंजनाला विचारा. माझ्या हातात न्हाय ते."

सिदगोंडा लिंबाखाली बसला. आडदांड गडी, पन्नाशीला आलेला, द्राक्षाची बाग, गावात वजन. पण त्याचा जीव होता तो पाखरीत. पाखरी म्हणजे त्याची शर्यतीची मुधोळी कुत्री. लांब पायांची, पोट खपाटीला गेलेली, सुटली की डोळ्याला नीट दिसायची नाही. आमच्या त्या चार गावांत कुत्र्यांच्या शर्यतीचं वेड भयंकर. पाखरीला रोज शेरभर दूध, अंडी, झोपायला गादी आणि डोक्यावर पंखा. लायाप्पाचा कुत्रा दर खेपेला तिच्या मागं दुसरा यायचा. येत्या रविवारी मोठी शर्यत होती. आणि पाखरी काल मेली होती, हे मला सिदगोंडानं तिथं सांगितलं.

"सोमवारी रातच्याला दारू प्याल्यागत झोकांड्या खाय लागली," तो म्हणाला. "भिताडावर आपटायची. वकली. मंगळवारी बरी दिसली, शेपूट हलवली. मला वाटलं, सुटली. बुधवारी आडवी झाली ती झालीच. पाणी पी पी प्याली आणि मुतली न्हाय. डाक्टर म्हणला, इखाचं लक्षण हाय. माझ्या मांडीवर जीव सोडला तिनं."

एवढं बोलून तो ढसाढसा रडला. मग रडता रडताच उठला, लायाप्पाजवळ गेला आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. लायाप्पाच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, नुसता वारा निघाला.

"सोमवारी ह्यो माझ्या अंगणात आला हुता," सिदगोंडा म्हणाला. "भाकर घालाय."

ती आमच्याकडची रीत होती. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एकमेकांच्या कुत्र्याला आपल्या घरची भाकर घालायची, म्हणजे हरणाऱ्याची नजर जिंकणाऱ्याला लागत नाही. लायाप्पा रीतीप्रमाणे गेला होता. त्याच रात्री पाखरी झोकांडायला लागली.

"अण्णा, भाकर तर समदेच घालत्यात," मी म्हणालो.

"कबूल केलंय त्येनं. इचार की. सांग रं, इख घातलंस का न्हाय?"

"घातलं," लायाप्पा जमिनीकडं तोंड करून म्हणाला. त्याचे पुढचे दात गेले होते, त्यामुळं शब्द फुटके येत होते.

"कसलं घातलंस?"

"तुमी म्हणाल ते."

चन्नाप्पानं दांड्याचं टोक त्याच्या पाठीत खुपसलं. मी इंजिनाकडं तोंड फिरवलं, कारण तिथं तरी काहीतरी करता येण्यासारखं होतं.

झाकण फडक्यानं धरून हळू सोडलं. आतलं पाणी पार तळाला गेलेलं. तेलाची पट्टी उपसून पाहिली. तेल काळंच होतं, दुधाळ झालं नव्हतं. म्हणजे पाणी इंजिनाच्या आत शिरत नव्हतं, बाहेरच कुठंतरी जात होतं. पाइप दाबून पाहिले, चांगले होते. रेडिएटरच्या जाळीला कुठं ओल नव्हती. मग रेडिएटर साध्या पाण्यानं भरला, सायकलच्या पंपाची नळी वरच्या बारक्या पाइपात बसवली आणि हवा मारायला लागलो. गळती लपून बसली की तिच्यावर दाब द्यायचा, कुठंतरी तोंड उघडतेच. माझ्या पाठीमागं हेच काम ते दोघं लायाप्पावर करत होते.

गळती सापडली. पाण्याच्या पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की त्यातून थेंब येतो. थेंब यायचा, पट्ट्याच्या चाकामागून ओघळायचा आणि खाली टपकायचा. त्या जागेला हिरवट डाग पडला होता, म्हणजे दुखणं जुनं होतं.

"पंप गेलाय," मी सांगितलं. "कवापासनं गळतंय?"

"झाला महिना. गाडी अंगणात लावली की खाली थारोळं व्हायचं. फरशी चिकाट व्हती म्हणून निलीनं घमेलं ठिवलं खाली." निली म्हणजे त्याची बायको, निलव्वा. "घमेल्यातलं रोज सकाळी मी परत रेडिएटरात वतायचो. महागाचं कूलंट हाय, हिरवं. पाण्याचा थेंब मिसळलेला न्हाय त्यात."

"मग कमी कसं पडलं?"

"गेल्या आठवड्यापासनं घमेलं सकाळी कोरडंच असायचं. मला वाटलं, गळती आपोआप बंद झाली."

गळती आपोआप बंद होत नसते. हे मी त्याला ऐकवणार होतो, तोंड उघडलंही होतं, आणि तसंच उघडं राहिलं.

मिरजेत ज्या उस्तादाकडं मी काम शिकलो त्याचं एक कुत्रं होतं. त्यानं एकदा ट्रेमधलं हिरवं कूलंट चाटलं. गोड असतं ते, जनावराला आवडतं. ते कुत्रंही दारुड्यासारखं झोकांडलं होतं, मधे एक दिवस बरं दिसलं होतं, आणि मग पाणी पीत पीत, मुतायचं बंद होऊन मेलं होतं. आणि इथं घमेलं रोज सकाळी कोरडं.

आता हे सांगायचं कसं? ज्या माणसानं कुत्रीसाठी एका माणसाचा चेंदामेंदा केला होता, त्याला सांगायचं की बाबा, तुझी कुत्री तुझ्याच अंगणात, तुझ्याच गाडीच्या पाण्यानं मेली? मी आधी एक शहाणपणा केला. पट्टा काढला, पंखा काढला, बोल्ट सोडले आणि पंप उपसून हातात घेतला. तो माझ्या हातात असेपर्यंत खाण लांब होती.

"अण्णा," मी म्हणालो, "पाखरी रातची मोकळी असायची का?"

"अंगणात मोकळीच. का?"

"घमेल्यातलं कुणी प्यालं आसंल?"

त्याला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. उस्तादाचं कुत्रं, झोकांड्या, मधला बरा दिवस, पाणी, मूत. एकेक सांगत गेलो तसा त्याचा चेहरा उतरत गेला. चन्नाप्पानं मात्र माझ्या मानगुटीला धरून मला जीपच्या मडगार्डवर दाबलं. "लायाप्पानं किती दिलं रं तुला?" तो ओरडला. तापलेल्या पत्र्यानं माझा गाल चरचरला.

"सोड त्येला," सिदगोंडा म्हणाला.

पंप काढताना सांडलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये जमलं होतं. सिदगोंडानं वाकून त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थुंकला. परत लावलं.

"ग्वाड हाय," तो म्हणाला.

मग तो लायाप्पाजवळ गेला आणि त्याच्या केसांना धरून मान वर केली.

"मग तू व्हय का म्हणलास?"

"तुमी थांबावं म्हणून."

सिदगोंडानं त्याला आणखी एक मुस्काटात मारली. मग खिशातून चाकू काढून दोरी कापली. लायाप्पाचे हात सुटे झाले तरी तो तसाच पडून राहिला, हात मागंच ठेवून. मी धावत जाऊन त्याला पाणी पाजलं. ते तोंडातून लाल होऊन बाहेर आलं, पण थोडं पोटात गेलं. वाचला, मला वाटलं. मला इतका आनंद झाला की त्या जॅकचं काय, सगळी हत्यारं मी त्याला देऊन टाकली असती.

"जोड गाडी," सिदगोंडा म्हणाला.

"आता कसली घाई? खाणीचं काम तर ऱ्हायलं न्हाय."

"घरी जायचंय."

त्यानं चन्नाप्पाच्या हातातला दांडा घेतला आणि तो ड्रायव्हरच्या सीटशेजारी नीट आडवा ठेवला. रडणं संपलं होतं. आवाजही चढलेला नव्हता.

"घमेलं निलीनं ठिवलं," तो म्हणाला. "फरशी चिकाट व्हती म्हणं. फरशीपायी माझी पाखरी मारली तिनं."

मी चन्नाप्पाकडं पाहिलं. मेहुणा, म्हणजे निलव्वाचा सख्खा भाऊ. आता हा काहीतरी बोलेल, निदान दांड्याला हात घालेल, असं मला वाटलं. तो सांडलेले नटबोल्ट पायानं गोळा करत होता. मघाशी लायाप्पावर दांडा चालवणारा हा वाघ, बहिणीचं नाव निघताच शेळी झाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिडकीत माणूस बोलतो ते आधी ठरवून बोलत नाही.

"घमेलं मीच ठेवायला सांगितलं हुतं," मी म्हणालो.

सिदगोंडा वळला. "काय?"

"वैनी बाजाराच्या दिवशी हितं एस्टीची वाट बघत हुत्या. म्हणल्या, गाडी गळतीया. मी म्हणलो, घमेलं ठिवा, वाया जाणार न्हाय. कुत्र्याचं माझ्या ध्यानात आलं न्हाय. म्हणून तर आत्ता इचारलं तुमाला."

तो माझ्याजवळ आला. इतका जवळ की त्याच्या तोंडाचा वास आला. मी नजर हलवली नाही. गॅरेजवाल्याला खोटं बोलायची सवय असते. गाडी संध्याकाळी देतो हे मी रोजच सांगत होतो.

"उस्तादाचं कुत्रं मेलेलं ठावं असून सांगितलंस?"

"व्हय."

त्यानं उघड्या जीपकडं बघितलं. मग म्हणाला, "आदी गाडी जोड."

त्यापुढचा तासभर मी कसा काढला ते मलाच माहीत. जुन्या मोडीत काढलेल्या जीपचा एक बरा पंप माझ्याकडं पडून होता. त्याचं तोंड घासून साफ केलं. जाड कागद पंपावर ठेवून हातोडीनं कडेकडेनं ठोकत गॅस्केट कापलं, चिकटवलं, बोल्ट एकाआड एक आवळले. पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक होतं. पळालो असतो तर पळताही आलं असतं, पण मी पळालो की खोटं उघडं पडलं असतं आणि दांडा निलव्वाकडं गेला असता. म्हणून काम केलं, आणि मन लावून केलं. पाणी भरलं, हवा मारली, गाडी चालू केली. एक थेंब नाही. आयुष्यात इतकं चोख काम मी परत केलं नाही.

"झाली?" सिदगोंडानं विचारलं.

"झाली."

"हात ठेव."

मी ठेवला नाही. चन्नाप्पानं धरून ठेवला, उजवा, बाकड्यावर पालथा. सिदगोंडानं सीटशेजारचा दांडा आणला. पहिल्या फटक्याला बोटं गेली. दुसऱ्याला मनगटाच्या अलीकडचं हाड. मी किंचाळलो ते मला ऐकू आलं नाही, पण लिंबावरची पाखरं उठलेली दिसली. तिसरा फटका बसताना मी उभा नव्हतो.

ते गेले. मी आणि लायाप्पा एकाच टेम्पोतून मिरजेच्या दवाखान्यात गेलो आणि शेजारशेजारच्या खाटांवर पडलो. जीप पलटी झाली, असं दोघांनीही पोलिसांना सांगितलं. लायाप्पाचा एक डोळा कायमचा गेला. माझी दोन बोटं अजून वळत नाहीत. दवाखान्यात रोज रात्री लायाप्पा म्हणायचा, "दस्तू, तू नसतास तर मी खाणीत असतो," आणि मी रोज म्हणायचो, "मग माझा जॅक दे." तेवढ्यावर आम्ही दोघं हसत असू. आत कुठंतरी मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. खऱ्यानं एक जीव वाचवला, खोट्यानं दुसरा.

प्लॅस्टर निघाल्यावर मी डाव्या हातानं काम सुरू केलं. बाजाराच्या दिवशी निलव्वा फाट्यावर उतरली. थांब्यावर थांबायचं सोडून ती गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या हाताकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, त्येनी दारातनंच इचारलं," ती म्हणाली. "घमेलं दस्तूनं ठेवाय सांगितलं का म्हणून. का इचारत्यात ठावं नव्हतं. तोंड बघितलं आणि व्हय म्हणले."

"बरं केलंत, वैनी."

"तुमी का सांगितलंत तसं?"

"तुमाला मारलं असतं."

"मारलं असतं," ती म्हणाली. "पर भाऊ, पाखरी घमेल्याला तोंड लावत न्हवती. हुंगायची आणि बाजूला व्हायची. माझं मांजर मेलं हुतं त्यातलं पिऊन, मी बघितलं हुतं. मग मी रोज सकाळच्याला ते काढून साठवलं आणि सोमवारी तिच्या दुधात घातलं. पितळीभर दूध आणि वाटीभर ते. समदं प्याली."

तिनं डोक्यावरचा पदर मागं केला आणि उजवा कान दाखवला. कानाची पाळी फाटून वेडीवाकडी जुळली होती.

"पाखरीचं दूध नासलं हुतं एकदा. त्यापायी मारलं त्येनी. ह्या कानानं आता ऐकू येत न्हाय. मला वाटलं, कुत्री मरंल आणि घरात शांतता व्हईल. लायाप्पाचं नाव मी घेतलं न्हाय, ते त्येनीच घेतलं. पर त्येचा डोळा गेला, तुमचा हात गेला. तुमी कुणालाबी सांगा. मी न्हाय म्हणणार न्हाय."

मला राग आला. खोटं का बोलू, भयंकर राग आला. दवाखान्यातल्या त्या सगळ्या रात्री डोळ्यांपुढं आल्या. लायाप्पा खाटेवर मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडं बघायचा, ते आठवलं. माझ्या मोडक्या बोटांत कळ उठली. चालती हो म्हणावं असं अगदी जिभेवर आलं. ती मात्र हलली नाही. पदर परत न घेता, काय ऐकवायचं ते ऐकवा म्हणून उभी होती.

"कुत्री घमेल्यातलंच प्याली," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला गेलो.

"घमेल्यातलंच प्याली, वैनी. गाडी मी बघितलीया."